चुलीमागच्या भिंतीवरचा चौथा रकाना

मी राज्यशास्त्र स्वयंपाकघरात शिकले असं सांगितलं की लोकांना गंमत वाटते. मला त्यात कधी गंमत दिसली नाही. दिवसाची वाटणी करून पाहिली तर दुसरी जागाच उरत नव्हती. सकाळी पाणी, डबे, मुलं. मग शाळा. संध्याकाळी परत पाणी, मुलं, भाकऱ्या. पुस्तक धरायला हात मोकळे नसत. पण भाकरी थापताना डोळे आणि डोकं मोकळं असतं, हे मी हेरून ठेवलं होतं. म्हणून पुस्तकच भिंतीवर नेलं.

तेव्हा मी खालापूर तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. त्याच गावाच्या बौद्धवाड्यात आमचं घर. नवरा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. घर सासूबाई चालवायच्या, त्यांना मी आत्या म्हणायचे. कुठला हंडा कुठे ठेवायचा, सुकट कधी काढायची, कोणत्या मुलाला आधी अंघोळ घालायची, हे सगळं त्या ठरवायच्या आणि ठरलेलं बदलायचं नसायचं. दोन पगार येणाऱ्या घरात असं कुणीतरी लागतंच, असं माझं मत तेव्हाही होतं, फक्त ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

बी.ए.ला मी बाहेरून बसत होते. आधीच्या परीक्षांना खात्याची परवानगी मागितली होती आणि ती विनातक्रार मिळाली होती. पेपर पाठांतरावर निघाले होते. शेवटच्या वर्षाला मात्र आधुनिक राजकीय विचारप्रणालींचा पेपर आला आणि माझं पाठांतर थकलं. कर्जतच्या वाचनालयातून आणलेली जाड पुस्तकं वाचावीत तर प्रत्येक वाद माणसाच्या भल्याचीच भाषा बोलत होता. एक म्हणायचा स्वातंत्र्य, दुसरा म्हणायचा समता, तिसरा म्हणायचा राष्ट्राचं वैभव, चौथा म्हणायचा राज्यसंस्थाच नको म्हणजे सगळे सुखी. वाचत असेपर्यंत मला प्रत्येकाचं पटायचं. वर्गातल्या ज्या मुलाला सगळंच समजलंय असं वाटतं त्याला काहीच समजलेलं नसतं, हे मला शिकवून शिकवून कळलेलं होतं. तेव्हा स्वतःला त्या मुलाच्या जागी बसवलं आणि काम नव्याने सुरू केलं.

गोंधळ झाला की रकाने पाडायचे, ही माझी सवय. पावसाळ्याआधीचं सरपण असो की नणंदेचं लग्न, मी आधी रकाने पाडते. चुलीमागच्या पांढऱ्या भिंतीवर मी बाभळीची काडी चावून केलेल्या कुंचल्याने गेरूचे रकाने पाडले. डाव्या बाजूला एकाखाली एक वाद लिहिले: उदारमतवाद, समाजवाद, साम्यवाद, फॅसिझम, सर्वोदय, अराज्यवाद. वर चार प्रश्न. सत्ता कुणाकडे? जमीन आणि कारखाने कुणाचे? विरोध करता येतो का? आणि चौथा, राज्य करणारे नकोसे झाले तर त्यांना बदलायचं कसं?

पहिले तीन प्रश्न पुस्तकांतून मिळाले. चौथा माझा होता.

तो कुठून आला हे मला नक्की माहीत आहे. माझं माहेर नेरळच्या बाजूला. मी शाळकरी मुलगी होते तेव्हा आमच्या लोकांनी धर्म बदलला आणि त्याबरोबर गावकीची कामं सोडली. मेलेली ढोरं ओढणं, सांगावे पोचवणं, जे काही पिढ्यान्‌पिढ्या आमच्या वाट्याला होतं ते. गावातली चार माणसं आमच्या अंगणाच्या कडेशी येऊन उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली, "कुणाला विचारून सोडलंत?" वडील दोरी वळत होते. मान वर न करता म्हणाले, "धरलं तवा तरी कुनी इचारलं होतं?" ती माणसं परत गेली. नंतर बरंच काही झालं, गावच्या दुकानात आम्हाला माल मिळेनासा झाला, विहिरीवरून भांडणं झाली. पण वडिलांनी एकदा सोडलेलं काम परत धरलं नाही. पुढे मोठमोठे वाद वाचताना मला सारखं वाटत राहिलं की सुरू कसं करायचं हे सगळ्यांनी लिहून ठेवलंय. थांबवायचं कसं, हे विचारलं की काही पुस्तकं गप्प बसतात.

मी रकाने पाडत होते तेव्हा आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय गं, पाटी नाय का तुला? मास्तरीन ना तू?"

"पाटी पुसली जाते, आत्या."

"आन्‌ ह्ये?"

"हे राहील परीक्षेपर्यंत."

"धुरानं काळं व्हईल," म्हणून त्या गेल्या. पण त्यांना अक्षरओळख नसली तरी भिंत त्यांची होती, आणि आपल्या भिंतीवर काय आहे हे माहीत नसणं त्यांना चालणारं नव्हतं. मी भाकऱ्या थापायला बसले की त्या पाटावर बसून वाल सोलत एकेक ओळ विचारायच्या. त्यामुळे माझी उजळणी व्हायची. त्यांची मतंही पक्की व्हायची, आणि ती फार भराभर व्हायची.

"ह्यो पयला काय म्हनतो?"

"प्रत्येकाला मोकळीक. बोलायची, धंद्याची, मालमत्ता ठेवायची."

"ज्याच्याकं हाय तो ठेवील. आपून काय ठेवू, जातं?"

साम्यवाद सांगितला. जमीन सगळ्यांची मिळून.

"सगळ्यांची म्हंजे शेजारनीची पन?"

"हो, तिचीही."

"मंग नको."

फॅसिझमची ओळ आली. एक नेता, एक पक्ष, कडक शिस्त, कामं वेळेवर, उलट बोलायचं नाही. आत्यांनी वाल सोलायचे थांबवले. "ह्यो बरा हाय," त्या म्हणाल्या.

"आत्या, उलट बोललं की तुरुंगात टाकतात."

"मंग बोलावं कशाला उलट? आता बघ, रेशनवाला येळेवर दुकान उघडतोय का नाय?"

त्या वर्षी आणीबाणी लागली होती. रेशनचं दुकान खरोखरच वेळेवर उघडायचं. कारखान्याच्या फाटकावरची भाषणं बंद झाली होती, आणि खोपोलीच्या गाडीत बसलेली माणसं पेपर वाचून मतं न सांगता घडी घालून ठेवायची.

नवरा बाजूला जेवत होता. तो म्हणाला, "आई, तुझ्या राज्यात तरी आमी कुठं उलट बोलतो?"

"बोललास ना आत्ता."

नवऱ्याला माझ्या शिकण्याबद्दल तक्रार नव्हती, या पेपराबद्दल होती. एकदा तो चिडून म्हणाला, "आपला मार्ग ठरलेला हाय. मंग ह्ये सगळे वाद वाचायचे कशाला? दुसऱ्याची घरं कशाला हिंडतेस?"

"ज्यांनी मार्ग ठरवला त्यांनी आधी ही सगळी घरं हिंडूनच ठरवला होता," मी म्हटलं. "मी न वाचता त्यांच्यामागे गेले तर ते त्यांना आवडलं असतं असं तुम्हाला वाटतं?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय सोडला. पण वाड्यातल्या इतरांनीही मला हे ऐकवलं, आणि गावातल्यांनी वेगळं ऐकवलं: तुम्हाला काय, सवलतीत पास करतात. मी दोन्हींना उत्तर देणं बंद केलं आणि भिंतीवर सर्वोदयाची ओळ पूर्ण केली.

पाऊस ओसरायला लागला त्या सुमारास शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी मला थांबवलं. त्यांना आम्ही गुरुजी म्हणायचो. स्वभावाने सज्जन आणि घाबरट, निवृत्ती जवळ आलेली.

"बाई, तुमच्या घरी भिंतीवर काही लिहिलंय?"

"हो. अभ्यासाचा तक्ता."

"लाल रंगात?"

"गेरूत, गुरुजी. गेरू लालच असतो."

"वर तक्रार गेलीय. शिक्षिकेच्या घरात लाल अक्षरांत राजकीय मजकूर. खात्याचे साहेब म्हणतात, लाल रंग कुणाचा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे."

"आपल्या शाळेच्या कौलांचाही तोच आहे."

गुरुजी हसले आणि लगेच दाराकडे पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढून हळू बोलायला लागले. माझा परीक्षेच्या परवानगीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडलेला आहे. साहेब पाहणीला येणार आहेत. पण त्यांना एक सोपा मार्ग सुचला होता. "दसरा आलाच आहे. तुमच्या वाड्यात त्या दिवसासाठी घरोघर चुना मारतात. तुम्हीही माराल. कुणी पुसा म्हणालं नाही आणि तुम्हीही पुसलं नाही. मी कळवून टाकतो, मजकूर अस्तित्वात नाही. तुमची परवानगी मोकळी."

खरं तर माझ्यासारखीला हा उपाय आवडायला हवा होता. त्यात खर्च नव्हता, अपमान नव्हता, वेळही जात नव्हता. तक्ता मला एव्हाना पाठ होता, डोळे मिटून कुठल्याही वादाचा कुठलाही रकाना सांगता आला असता. परीक्षेला भिंतीची गरज उरली नव्हती. घरी येताना मी हे सगळं नीट मांडून पाहिलं. परीक्षा हवी असेल तर चुना, हाच हिशेब निघत होता.

पण घरी येऊन चुलीपुढे बसले आणि चौथा रकाना समोर आला. त्यात फॅसिझमपुढे मी लिहिलं होतं, बदलता येत नाही. ते पुस्तकातून लिहिलं होतं. आता मला दिसत होतं की ते असं हळूच, सणाच्या चुन्याबरोबर घरात येतं, कुणी हुकूम दिलेला नसतो आणि आपण तो पाळलेला असतो. तवा तापून धूर काढायला लागला तेव्हा माझं ठरलं होतं. हे तीन महिन्यांच्या रंगाबद्दल नव्हतं. मी परीक्षेला बसणार होते आणि रकानाही राहणार होता. दोन्ही.

आता आत्यांना सांगायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं. त्यांच्या बाजूने अडचण अगदी वेगळी होती. त्या दिवसासाठी घर पांढरं करायचं हा त्यांचा नियम होता. नव्या धर्माचा पहिला दिवस, त्या दिवशी घराच्या कुठल्याही भिंतीवर जुना डाग नको. आणि आमच्या वाड्यातल्या बायकांचा आणखी एक नियम होता: त्या दिवशी चुना लागला की वर्षभर भिंतीला हात लावायचा नाही. पडलं, उडालं, काळं झालं, तरी पुढच्या वर्षी बघू.

आत्या बादलीत चुना कालवत होत्या. मी म्हटलं, "आत्या, तक्त्याची जागा सोडून मारा."

"का?"

"मला हवाय तो."

"पाव्हने येतील. काळपट चौकोन बघतील. म्हनतील, सून शिकली आन्‌ घर घान ठेवलं. मारनार मी."

"आत्या, नका मारू."

"माझी भिंत हाय."

"माझं लिहिलेलं आहे."

आम्ही दोघी बराच वेळ भांडलो. त्यांच्या राज्यात मी पहिल्यांदा सरळ विरोध करत होते आणि ते दोघींनाही नवीन होतं. नवरा आंघोळीच्या निमित्ताने मागे निघून गेला. शेवटी मी दमून खरं कारण सांगितलं. म्हणाले, "शाळेचे साहेब सांगतायत ते पुसा म्हणून. म्हणून मला पुसायचं नाही."

आत्यांचा हात बादलीत थांबला. "कोन सांगतंय?"

"साहेब. खात्याचे."

"माझ्या चुलीमागच्या भिंतीला?"

"हो."

"त्याचा काय संबंध? त्यो भाकरी थापायला येतो का हितं?" त्यांनी कुंचला झटकला, चुन्याचे थेंब माझ्या अंगावर उडाले. "परीक्षा तू दे नायतर नको देऊ. पन माझ्या घरात कुटं चुना मारायचा ते मी ठरवीन. सरक."

आणि त्यांनी सगळ्या भिंती मारल्या. चुलीमागची मारताना तक्त्याच्या कडेने इतक्या जपून कुंचला फिरवला की एकही अक्षर बुडालं नाही. सणाच्या दिवशी सगळं घर पांढरंशुभ्र होतं आणि मधोमध धुराने पिवळट पडलेला चौकोन, त्यात लाल रकाने. आधी आत येऊन शोधावा लागायचा, आता उंबऱ्यावरून दिसायला लागला. मी मनाशी हसले. फॅसिझमला बरा म्हणणारी बाई चौथ्या रकान्याच्या बाजूने उभी राहिली होती, आणि तिची कारणं संपूर्ण हुकूमशाहीची होती.

साहेब सणानंतर आले. मोटारसायकल शाळेपाशी ठेवून गुरुजींबरोबर वाड्यात चालत आले. मी खुर्ची दिली, चहा टाकते म्हटलं.

"नको, आत्ताच झालाय."

आमच्या वाड्यात येणाऱ्या साहेबांचा चहा नेहमी आधीच झालेला असायचा. मी पातेलं खाली ठेवलं.

ते भिंतीसमोर उभे राहिले आणि त्यांनी तक्ता पूर्ण वाचला. हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. तक्रारीवरून भडकलेला माणूस असता तर पहिल्या ओळीवर सुरू झाला असता. हे शेवटपर्यंत वाचत गेले, मग परत चौथ्या रकान्याशी आले.

"तक्ता चांगला आहे, बाई," ते म्हणाले. "अभ्यासू आहात. बाकी सगळं राहू दे. फक्त हा एवढा रकाना काढा."

"का?"

"राज्य करणारे नकोसे झाले तर... हे असं लिहिणं आत्ताच्या दिवसांत बरं नव्हे."

"मी आपल्या देशाचं नाव कुठे लिहिलेलं नाही, साहेब."

"नाही लिहिलं. पण वाचणाऱ्याच्या मनात येणार."

"ते त्याच्या मनात आधीच असणार. मी फक्त प्रश्न लिहिलाय."

गुरुजी खोकले. साहेब चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, एक रकाना. ओल्या फडक्याचं काम. मी इथेच परवानगीवर सही करून देतो, कागद आणलाय." आणि खिशातून त्यांनी खरोखरच माझा अर्ज काढला. तो घडी पडून मऊ झाला होता. एप्रिलच्या परीक्षेचा मार्ग त्या कागदात होता आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

आत्या तेवढ्यात मागच्या दाराने सरपण घेऊन आल्या. मोळी टाकली, पदराने हात पुसले.

"काय म्हनतायत साहेब?"

"भिंतीवरचं थोडं पुसायला सांगतायत."

"आता नाय पुसता येत," आत्या साहेबांना म्हणाल्या. "सनाचा चुना झाला. आता वर्सभर भिताडाला हात लावायचा नसतो आमच्यात. सांगायचं होतं तर सनाआधी सांगायचं."

"अहो आजी, हे सरकारी काम आहे."

"आसंल. चुना आमचा हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आत्यांनी मला एक वाट करून दिली होती. मी म्हणू शकले असते की काय करणार साहेब, म्हातारीचा नियम आहे, माझा नाइलाज. साहेबही कदाचित तेवढ्यावर थांबले असते. दोघांचीही सोय झाली असती. मी ते म्हटलं नाही, कारण माझा नाइलाज नव्हता.

"आत्यांचा नियम नसता तरी मी पुसलं नसतं," मी म्हटलं. "मला तो रकाना बरोबर वाटतो. चूक असेल तर चूक दाखवा, दुरुस्त करते."

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. "मग तुम्हीच विचार करा," म्हणाले आणि निघाले. उंबऱ्याबाहेर गुरुजी मागे वळून माझ्याकडे बघत होते, वर्गात पहिला येणारा मुलगा गणित चुकवून बसला की बघतात तसे.

परवानगी नाकारल्याचं पत्र थोड्या दिवसांनी आलं. त्याबरोबर सेवापुस्तकात ताकीद: वर्तणूक अयोग्य. नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं. त्याच्या कारखान्यातल्या दोघांना नुकतंच कामावरून कमी केलं होतं, त्यामुळे त्याला भीती वाटणं साहजिक होतं. "आता?" त्याने विचारलं.

"आता परीक्षा," मी म्हटलं. "विद्यापीठ त्यांची परवानगी मागत नाही. ती घ्यायचा नियम खात्याचा. विद्यापीठाचा फॉर्म मी भरलेला आहे."

"नोकरी गेली तर?"

"जाणार नाही. बदली होईल."

त्याने पत्र पाकिटात घातलं. मग म्हणाला, "एप्रिलात मी रातपाळी घेतो. म्हंजे सकाळी पोरांकडं बघता येईल." त्याने मार्गाबिर्गाबद्दल काही म्हटलं नाही. मी त्याला एक जास्तीची भाकरी वाढली.

परीक्षेचे दिवस आले तेव्हा मी किरकोळ रजेचा अर्ज घेऊन गुरुजींकडे गेले. कारणाच्या जागी मी लिहिलं होतं, राज्यशास्त्राची परीक्षा.

"बाई, तब्येत लिहा ना. किंवा घरगुती काम."

"तब्येत उत्तम आहे."

"मग घरगुती. शेवटी स्वयंपाकघरातच अभ्यास केलात ना?"

हे मात्र त्यांनी चांगलं शोधलं होतं. मला हसू आलं. पण अर्ज मी तसाच पुढे सरकवला. गुरुजींनी टोपी काढली, डोकं चोळलं, परत घातली आणि सही केली. "रजा देणं माझ्या अधिकारात आहे," ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले, जणू कुणी बाहेरून ऐकत होतं.

परीक्षा कल्याणला होती. विचारप्रणालींच्या पेपरात माझ्या चौथ्या रकान्यावर थेट प्रश्न आला नाही. तसं घडायला ते गोष्टीतलं आयुष्य लागतं. समाजवाद आणि साम्यवाद यांतला फरक विचारला होता, उदारमतवादाच्या मर्यादा विचारल्या होत्या. मी प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक परिच्छेद जोडला: या व्यवस्थेत राज्यकर्ते नकोसे झाले तर त्यांना बदलण्याचा मार्ग काय. कुणी विचारला नव्हता. तपासणाऱ्याने गुण दिले की कापले मला माहीत नाही. मी दुसऱ्या वर्गात पास झाले.

बदली जूनमध्ये झाली. कर्जत तालुक्यात, डोंगरातल्या एका वाडीवर. एस.टी. सोडून बरंच चढायचं. आठवडाभर तिथे राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, असं चक्र सुरू झालं. मुलं आत्यांच्या ताब्यात गेली आणि सैन्यासारखी शिस्तीत आली. ती शाळा खात्याने मला शिक्षा म्हणून दिली होती, पण तिथल्या मुलांनी काही केलं नव्हतं. त्यामुळे मी पहिल्या महिन्यात छप्पर, पाट्या आणि हजेरी यांचे रकाने पाडले आणि कामाला लागले.

पुढच्या दसऱ्याला घरी आले तर चुलीमागची भिंत पांढरी. तक्ता गेला.

"आत्या, विचारलं का नाही?"

"परीक्षा झाली ना? मंग? वर्स पन झालं." त्या हंडे घासत होत्या. "तवा त्यो साहेब सांगत व्हता म्हनून ठेवला. आता कोन सांगतंय? माझी भिंत."

जेवणं झाल्यावर मी गेरू भिजवला, काडी चावली आणि त्या कोऱ्या भिंतीवर एकच ओळ लिहिली. राज्य करणारे नकोसे झाले तर त्यांना बदलायचं कसं?

आत्या बघत होत्या. "काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं.

त्यांनी ते दोनदा ऐकलं. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "ह्ये माझ्यासाठी हाय का गं?"

"सगळ्यांसाठी आहे."

"हं," त्या म्हणाल्या. ओळ वर्षभर राहिली, कारण चुना होऊन गेला होता.

त्या वर्षभरात निवडणुका झाल्या आणि सरकार बदललं. पेटीतून बदललं, गडबड न करता. आत्यांनीही मत दिलं. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी कर्जतला एका बैठकीत ते साहेब भेटले. आता वरच्या जागेवर होते. मला बाजूला बोलावून म्हणाले, "बाई, तो शेरा आता काढून टाकता येईल. तुमची बदलीही परत घरच्या बाजूला करता येईल. तुम्ही फक्त एक अर्ज द्या. तो प्रकार गैरसमजातून घडला होता, एवढं एक वाक्य. दोन्ही बाजूंचा मान राहील."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. ते खरंच मदत करत होते, आणि स्वतःचीही. मी तिथेच कागद मागितला आणि त्यांच्या टेबलावर अर्ज लिहिला. बदली हवी होती, तर बदली मागितली: मुलं लहान आहेत, सासूबाईंचं वय झालं आहे, अंतर लांब आहे. कारणं खरी होती, ती लिहिली. सही केली आणि कागद दिला.

साहेबांनी वाचला. "गैरसमजाचं वाक्य राहिलं."

"नाही राहिलं, साहेब. गैरसमज कुणाचाच झाला नव्हता. तुम्ही तो रकाना पूर्ण वाचलात आणि तुम्हाला तो बरोबर कळला. मलाही कळलेला होता. शेरा राहू दे."

साहेबांनी शिपायाला हाक मारली आणि चहा सांगितला, दोन. मी माझा प्यायले आणि वाडीवर जाणारी एस.टी. पकडली.

बदली नंतर रीतसर, माझी पाळी आल्यावर झाली. शेरा आजही सेवापुस्तकात आहे.